पत्रकबाईंची चौकट

पत्रकबाईंना जागेवरून उठायचं असलं की आधी मला उठावं लागे. त्यांचं टेबल दोन लोखंडी कपाटांच्या मध्ये, मागे भिंत आणि पुढे माझं टेबल. ही मांडणी कोणत्या शहाण्याने केली ते कोणालाच ठाऊक नाही. त्या नुसतं "गाडीवाले, जरा..." म्हणायच्या, मी खुर्ची सरकवायचो, त्या पदर सांभाळत तिरक्या होऊन निघायच्या आणि तशाच परत आत शिरायच्या. सोळा वर्षं हे असं चाललं. टेबलं हलवायची परवानगी मी दोनदा मागितली. दोन्ही अर्ज 'विचाराधीन' आहेत.

आमच्या शिक्षण मंडळाच्या हाताखाली एकेचाळीस शाळा. त्यांच्या बसगाड्या कुठून कुठे धावतील ते मी ठरवतो, म्हणून मी गाडीवाले. आणि त्या शाळांत काय घडलं, काय घडणार, कोणाला बक्षीस मिळालं, कुठली दुरुस्ती निघाली, हे सगळं एका पानात बसवून दर शुक्रवारी चार वाजता त्या बाहेर काढायच्या, म्हणून त्या पत्रकबाई. ते पान प्रत्येक शाळेच्या फलकावर लागायचं आणि पालकांच्या फोनवरही जायचं.

मुळात त्या शिक्षिका. नदीपलीकडच्या शाळेत भाषा शिकवायच्या. आधीचे पत्रकवाले जिन्यावरून पडले, पाय मोडला, तेव्हा शुद्ध लिहिणारं कोणीतरी हवं म्हणून बाईंना तीन महिन्यांसाठी इथे आणलं. पाय तीन महिन्यांत बरा झाला. पण पायाचे मालक परत आलेच नाहीत, घरी बसून निवृत्त झाले, आणि ते घोंगडं बाईंच्या गळ्यात पडलं ते पडलंच. त्यांच्या आदेशात लिहिलं होतं, 'पुढील आदेश होईपर्यंत'. सरकारी कागदात इतकं चावट वाक्य दुसरं नसेल. पुढचा आदेश काढणार कोण, कधी आणि कशाला, हे त्यात कुठेच नसतं.

बाईंचं दुर्दैव एवढंच की त्या काम फार चांगलं करायच्या. वाईट काम करणारा माणूस आमच्याकडे वर्षभरात बदलून जातो. चांगलं करणाऱ्याला कोण सोडतो? त्यांच्या हाताला एक जादू होती. छत गळायला लागलं की त्या लिहायच्या, 'छताचे बळकटीकरण प्रस्तावित आहे.' गणिताला शिक्षकच नसला की 'विद्यार्थ्यांच्या स्वयंअध्ययनास चालना देण्यात येत आहे.' आणि शाळेला टाळं लागणार असलं की 'समायोजन'. 'सदर शाळेचे नजीकच्या शाळेत समायोजन करण्यात येत आहे.' वाचणाऱ्याला वाटावं, कोणाची तरी गैरसोय दूर होतेय. सोळा वर्षांत अकरा शाळा बंद झाल्या. पत्रकात 'बंद' हा शब्द यायचा तो फक्त वादळ आलं, पाणी नसलं किंवा रंगकाम निघालं तर. 'शाळा दोन दिवस बंद राहील' म्हणजे सुट्टी, बाकी काही नाही.

नियम असा आहे की शाळा मिटवायची असली तर आधी पत्रकात छापायचं आणि पंधरा दिवस वाट बघायची. तेवढ्यात पालकांच्या पन्नास लेखी हरकती आल्या तर सुनावणी घ्यावी लागते. आणि सुनावणीत चार आया रडल्या, दोन बापांनी टेबल आपटलं, की निर्णय बारगळतो. पण आमच्याकडे सोळा वर्षांत एकही सुनावणी झाली नव्हती. साहेब पाहुण्यांना अभिमानाने सांगायचे, "आमच्या बाईंच्या लेखणीला हरकत येत नाही." बाई तेव्हा खाली मान घालून काहीतरी खोडत बसायच्या. ते कौतुक त्यांना बोचायचं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण मीही हसायचोच.

एका बाबतीत मात्र त्यांच्याशी वाद घालायची सोय नव्हती. मी म्हणायचो, "बाई, हे पान वाचतं कोण? तुम्ही लिहिता आणि फळा वाचतो."

"लोक वाचतात हो," त्या म्हणायच्या. "माझं पत्रक लोक वाचतात."

त्यांचा पुरावा म्हणजे चौकट. पाच वर्षांपूर्वी 'उद्या सुट्टी आहे का' असे फोन इतके यायला लागले की बाईंना लिहायला फुरसत मिळेना. मग त्यांनी पानाच्या डोक्यावर जाड रेघांची एक चौकट आखली आणि सगळ्या सुट्ट्या तिच्यात घातल्या. फोन थांबले. बाई खूश. "बघा, वाचतात की नाही?" मी म्हटलं, चौकट वाचतात. त्यावर त्या रागावल्या आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. टेबलातून बाहेर पडायचं असलं तरी नुसतं खाकरायच्या.

दर वर्षी सत्र संपताना त्या अर्ज करायच्या, मला माझ्या मूळ शाळेत जाऊ द्या. दर वर्षी साहेब त्यांना चहा पाजून वाटाण्याच्या अक्षता लावायचे. साहेब बदलले, पण उत्तर बदललं नाही. घरी त्यांची थोरली बहीण होती, ती विचारायची, "सुटलीस का गं?" हे बाईच मला सांगायच्या, हसत सांगायच्या, पण हसू पूर्ण व्हायच्या आतच संपायचं.

या वर्षी निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. अर्ज घेऊन त्या साहेबांच्या दालनात गेल्या आणि पाच मिनिटांत परत आल्या. मी उठायचं विसरलो, त्याही आत शिरायचं विसरल्या.

"सही झाली," त्या म्हणाल्या. "एक तारखेपासून. मूळ शाळेत, मूळ पदावर."

"पुन्हा वाचा," मी म्हटलं. "पुढील आदेश वगैरे आहे का कुठे?"

"नाहीये. तीनदा वाचलं." मग एकदम मुलीसारख्या म्हणाल्या, "गाडीवाले, दोन वर्षं तर दोन वर्षं. पण समोर पोरं असतील हो. चुकलं तर लगेच तोंडावर सांगतील."

मी नदीपलीकडेच राहतो. माझी नात त्याच शाळेत तिसरीला. मी म्हटलं, आमच्या कार्टीला जरा दमात घ्या, लिहिताना वेलांटी कुठेही फेकते. बाईंनी तिचं नाव विचारलं आणि टिपणवहीत लिहून घेतलं.

चार दिवसांनी समायोजनाची यादी आली. एकच शाळा. नदीपलीकडची.

यादी पत्रकासाठी आली होती, म्हणजे बाईंच्याच टेबलावर. अर्जावर सही करताना साहेबांना हे माहीत होतं की नाही, देव जाणे. मी सरळ विचारलं असतं, पण मी कधी कोणाला सरळ विचारलंय? शाळा गेली की मूळ पद गेलं. पद गेलं की शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो. आणि अतिरिक्त माणसाला जिथे गरज असेल तिथे बसवतात. बाईंची गरज कुठे होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. दोन कपाटांच्या मध्ये.

त्या दिवशी त्या जागेवरून उठल्याच नाहीत. दुपारी मीच म्हटलं, "बाई, चहाला तरी चला."

"थांबा," त्या म्हणाल्या. "मला एक वाक्य लिहायचंय." दोन तासांनीही कागद कोराच होता. "येत नाहीये," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "मी लिहायला बसते 'शाळा बंद होणार', आणि हात आपोआप 'समायोजन' लिहितो. पोरांना निबंधात मी सांगायची, सोपं लिहा रे. आता मलाच ते जमत नाहीये."

मला त्यांची फार कीव आली. त्याहून जास्त भीती वाटली, कारण त्या काय करणार ते माझ्या लक्षात आलं होतं. साहेब पत्रकावर न वाचता सही करतात. त्या सरळ लिहिणार होत्या. लोक चिडतील, पन्नास काय, शंभर हरकती येतील, सुनावणी होईल, शाळा वाचेल आणि शाळेबरोबर बाईही सुटतील. त्यांचा सगळा भरवसा एकाच गोष्टीवर होता, की लोक वाचतात. मी त्या गुरुवारी लवकर घरी गेलो. उद्या कोणी विचारलं तर मला काही माहीत नव्हतं असं सांगता यावं म्हणून गेलो. एवढा मी शूर.

शुक्रवारी चार वाजता पान निघालं. सुट्ट्यांच्या शेजारी, चौकटीतच, मोठ्या ठशात छापलं होतं: 'नदीपलीकडची शाळा एक तारखेपासून बंद. हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवा.'

ओळ मी संध्याकाळी घरी फोनवर पाहिली. आता इथून पुढचं सांगायला मला लाज वाटते. मला दोन दिवसांपासून सगळं माहीत होतं. बाई सरळ लिहिणार हेही माहीत होतं. तरी माझ्या डोक्यात असं होतं की त्या खाली, सातव्या-आठव्या परिच्छेदात, कुठेतरी लांबलचक लिहितील. सवयीने मी चौकट बघितली, 'बंद' वाचलं आणि बाकीचं पान न वाचता फोन खाली ठेवला. म्हटलं, रंगकाम निघालं असेल. नातीला सांगितलं, एक तारखेपासून तुला सुट्टी. ती घरभर नाचली. सुनेने लगेच माहेरी जायचं ठरवलं.

सोमवारी मी खुर्चीत बसता बसता म्हटलं, "काय बाई, आमच्या नातीची चंगळ केलीत. किती दिवस सुट्टी आहे? आणि तुमचं ते वाक्य कुठल्या परिच्छेदात लपवलंत, मला सापडलं नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"तुम्हीसुद्धा?" त्या म्हणाल्या.

तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी उचलला आणि त्यांचा चेहरा बघून पलीकडून काय विचारलं जातंय ते मला कळलं. "नाही हो, सुट्टी नाही. शाळाच बंद होणार आहे... हो, बंद... नाही, उघडणार नाही... अहो, उघडणार कधी म्हणजे?" असे त्या दिवशी नऊ फोन आले. नऊ जणांना त्यांनी समजावलं. त्यातल्या चौघांनी शेवटी विचारलं ते हेच, की मग सुट्टी नक्की कधीपर्यंत धरायची. फोन न करणाऱ्यांनी तर समजायचं ते समजून घेतलंच होतं. सोळा वर्षं ज्या शब्दाला सुट्टीच म्हणायचं असं बाईंनीच सगळ्यांना शिकवलं, तो शब्द आता एका दिवसात दुसरं काही कसं सांगणार? करायला गेलो काय आणि उलटे झाले पाय, तशी गत.

फोनांची कुरबुर साहेबांच्या कानावर गेली. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, निदान काहीतरी मोडलं असतं. ते बाईंच्या टेबलापर्यंत आले, म्हणजे माझ्या टेबलापर्यंत, पुढे येताच येत नाही.

"बाई, दमलात तुम्ही. 'बंद' काय लिहिलंत? लोकांचा गैरसमज झाला ना. या शुक्रवारी खुलासा काढा, आपल्या नेहमीच्या शब्दांत."

"साहेब, नेहमीच्या शब्दांत लिहिलं तर कोणालाच कळणार नाही."

"अहो, कळलंय कोणाला आत्ता तरी?" साहेब हसले. त्यांचं बरोबर होतं. म्हणून तर ते इतकं लागलं.

शुक्रवारी खुलासा निघाला. साहेबांनी स्वतः माझ्या टेबलाशी उभं राहून तो लिहून घेतला. 'सदर शाळेचे समायोजन करण्यात येत असून पालकांनी गैरसमज करून घेऊ नये.' पालकांनी अजिबात गैरसमज करून घेतला नाही. सुट्टी पक्की झाली असं त्यांनी धरलं.

बाई दारोदार जाऊन सांगू शकत नव्हत्या. कर्मचारी मंडळाच्या निर्णयाविरुद्ध बोलला तर सरळ निलंबन, आणि निलंबित बाईला कुठली शाळा आणि कुठला वर्ग! मलाही तोच नियम. तरी मी सुनेला सगळं सांगितलं. पोरीने माहेर रद्द केलं आणि गल्लीत कागद घेऊन फिरली. बायका दारात उभ्या राहून तिलाच समजवायच्या, "अगं, समायोजन आहे ते, मंडळाने खुलासा केलाय की. उगाच कशाला घाबरवतेस?" एकीने तर तिला पत्रक उघडून दाखवलं.

पंधरा दिवसांत एकतीस हरकती आल्या. बाईंनी त्या माझ्यासमोर मोजल्या, मग मला मोजायला लावल्या. त्यातल्या सात इतर शाळांच्या पालकांच्या होत्या. त्यांची हरकत अशी होती की एकाच शाळेला सुट्टी का, आमच्या मुलांनी काय घोडं मारलंय?

मला हसू आलं. मी खरंच हसलो. बाईही हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांना थांबताच येईना. शेवटी मी उठलो, त्यांना बाहेर यायला वाट करून दिली. पण त्या आल्या नाहीत, भिंतीकडे तोंड करून बसून राहिल्या.

महिनाअखेरीस त्यांचा नवा आदेश आला. मूळ पद संपुष्टात आल्याने सदर शिक्षिकेचे कार्यालयात कायमस्वरूपी समायोजन करण्यात येत आहे. भाषा बाईंचीच. बाईंनी तो वाचला, 'आल्याने'च्या पुढे राहिलेला एक स्वल्पविराम घातला आणि फायलीला लावला.

एक तारखेपासून नदीपलीकडच्या मुलांना गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या शाळेत न्यायला बस लावली होती. तो मार्ग मीच आखला. आधी घरात मान खाली घालून बसलो आणि मग आखला. पहिले तीन दिवस बस जुन्या शाळेच्या फाटकावरून जवळजवळ रिकामी गेली. माझी नात आणि आणखी आठ-दहा जण, बाकी सगळे सुट्टीवर. चौथ्या दिवशी मात्र आया मुलांना घेऊन फाटकाशी आल्या. रंगकामाला तीन दिवस पुरतात, असं त्यांनी धरलं असावं.

नेमकं त्याच दिवशी साहेबांनी बाईंना माझ्याबरोबर पाठवलं होतं. 'नव्या शाळेकडे विद्यार्थ्यांचे उत्साहात प्रस्थान' अशी बातमी हवी होती. फाटकाला कुलूप होतं. आत घसरगुंडी आडवी करून ठेवलेली, पाण्याच्या टाकीला झाकण नाही. सोळा वर्षांनी बाई त्या फाटकासमोर उभ्या होत्या, हातात टिपणवही घेऊन.

एक आई माझ्यावरच घसरली. "कुलूप का आहे? शाळा कधी उघडणार?"

"उघडणार नाही," बाई म्हणाल्या. "बंद झाली."

"बंद म्हणजे? कायमची?" तिने मागे वळून बाकीच्यांकडे पाहिलं. "मग आम्हाला कळवलं का नाही कोणी?"

"कळवलं होतं. पत्रकात होतं."

"ते आम्ही वाचलं. त्यात असं कुठे होतं? कोण लिहितं ते?"

मी काहीतरी मध्ये बोलणार होतो. वेळ मारून न्यायला मला छान जमतं. पण बाईंनी हात केला.

"मी लिहिते," त्या म्हणाल्या.

ती आई शिव्या देईल असं मला वाटलं. तिने दिल्या नाहीत. ती दमलेल्या आवाजात म्हणाली, "मग नीट लिहायचं ना हो."

"हो," बाई म्हणाल्या.

पोरं तोवर इकडेतिकडे पांगली होती, दोघं फाटकावर चढले होते. बसवाला हॉर्न वाजवत होता आणि मी यादी हातात धरून नुसता "ए, ए" करत होतो. माझं ऐकतंय कोण! बाईंनी माझ्या हातातली यादी घेतली. "खाली उतर," त्या म्हणाल्या. मोठ्याने नाही, पण असा आवाज मी कार्यालयात कधी ऐकला नव्हता. फाटकावरचे दोघं उतरले. "दोन रांगा. लहान पुढे." झाल्या रांगा. मग त्यांनी यादीतलं एकेक नाव वाचलं, प्रत्येकाकडे मान वर करून बघितलं, आणि एकेक पोर "हजर" म्हणून बसमध्ये चढलं. एकाच्या बुटाची नाडी सुटली होती, त्याला थांबवून बांधायला लावली. माझ्या नातीचं नाव आल्यावर म्हणाल्या, "वेलांटीवाली तूच का?" ती लाजून चढली. यादी संपली. रस्त्यावर आया, मी आणि बाई एवढेच उरलो.

बस सुरू झाली तशी मागच्या खिडकीतून एक मुलगी वाकली. रांगेत सगळ्यात पुढे होती ती. ती ओरडली, "बाई, तुम्ही येता ना नव्या शाळेत आमच्याबरोबर?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"नाही," त्या म्हणाल्या.

तेवढं मात्र त्या मुलीला लगेच समजलं. तिने डोकं आत घेतलं.